जुन्या ध्वनिमुद्रणांची सफाई: गाणं उजळतं की तंबोरा पुसला जातो?

अंतरा_मिरज

नमस्कार मंडळी. पहिल्यांदाच धागा काढतेय. विषय थोडा घरचा आहे, पण इथे जाणकार आहेत म्हणून विचारते.

आजोबांच्या मागे चाळीसेक तबकड्या आणि ११ स्पूल टेपा उरल्या आहेत. तबकड्या बहुतेक किराणा घराण्याच्या आणि नाट्यसंगीताच्या. टेपा मात्र दुसरीकडे कुठेच मिळायच्या नाहीत अशा, आमच्या घरी आणि ओळखीच्यांकडे झालेल्या बैठकांच्या, १९६६ ते १९७४ मधल्या. गेल्या महिन्यात एक टेप आणि एक तबकडी एका स्टुडिओत दिली. तबकडी अब्दुल करीम खाँसाहेबांची, झिंझोटीतली 'पिया बिन नहीं आवत चैन'. दोन्हींच्या 'रिमास्टर' केलेल्या प्रती मिळाल्या.

पहिल्यांदा ऐकलं तेव्हा हरखून गेले. खरखर नाही, टिकटिक नाही, खाँसाहेब अगदी समोर. दुसऱ्या दिवशी हेडफोन लावून ऐकलं आणि कुठेतरी खटकलं. त्यांचा स्वर विरत जातो ना, तो इथे विरत नाही, तुटतो. टेपचं तर त्याहून वाईट. गवई (नाव आत्ता लिहीत नाही, त्यांच्या घरच्यांना आधी विचारायचं आहे) श्वास घ्यायला थांबले की मागचा तंबोराही थांबतो, आणि ते गायला लागले की परत येतो. तंबोरा असा थांबेल कसा?

स्टुडिओवाले म्हणाले, "मॅडम, लोकांना असंच स्वच्छ आवडतं." खरंच असं आहे का? जुन्या ध्वनिमुद्रणांवर हे काम करावं की नाही? आणि उरलेल्या १० टेपांचं मी काय करू?

खर्ज

तंबोरा थांबतो हे वाचूनच अंगावर काटा आला. करू नका असलं काही. खरखर चालेल.

एक_श्रोता

मी उलट बाजूने लिहितो. माझी आई ८१ वर्षांची आहे, कानाला यंत्र लावते. बालगंधर्वांची गाणी तिचा जीव की प्राण. जुन्या तबकडीवरून केलेली प्रत लावली की यंत्रातून तिला फक्त खरखर ऐकू येते, कपाळाला हात लावते आणि बंद कर म्हणते. स्वच्छ केलेली प्रत लावली की शब्दन्‌शब्द कळतो, मान डोलते. तंबोरा गेला असेल, पण माझ्या आईला नारायणराव परत मिळाले. त्यामुळे 'करूच नका' म्हणणाऱ्यांनी जरा थांबावं.

सुई_आणि_खाचा

@एक_श्रोता, तुमच्या आईंना नमस्कार. त्यांच्यासाठी केलेली प्रत त्यांच्यासाठी योग्यच आहे. माझी भीती वेगळी आहे. तीच प्रत जगात उरते आणि मूळ जातं. माझ्याकडे अशा कित्येक सीडी आहेत ज्यांच्या मूळ तबकड्या आता कुणाकडेच सापडत नाहीत. १९९०च्या दशकात कुणीतरी केलेली सफाई हेच आता त्या गाण्याचं एकमेव रूप.

बिटरेट

मी रोज हेच काम करतो, म्हणून आधी एक गोष्ट वेगळी काढतो. रिमास्टरिंग हा एकच शब्द आपण चार-पाच निरनिराळ्या कामांना वापरतोय आणि त्यामुळे भांडण होतं.

तबकडीवरची टिकटिक ही एखाद-दोन मिलिसेकंदांची चीर असते. सॉफ्टवेअर तिच्या दोन्ही बाजूंचा आवाज बघतं आणि मधली फट सांधतं, रफू करतात तसं. नीट हाताने केलं तर गाण्याचं काही जात नाही. हे मी बिनधास्त करतो आणि करावं असं सांगतो.

सळसळ काढणं हे पूर्ण वेगळं काम. त्यात सॉफ्टवेअरला आधी 'नुसता गोंगाट' असलेला तुकडा ऐकवायचा असतो. ते त्याचा नकाशा काढतं आणि मग सगळ्या गाण्यातून तेवढं वजा करत जातं. तबकडीवर सुई टेकते तिथे, गाणं सुरू व्हायच्या आधीच्या खाचेत, असा तुकडा मिळतो. पाश्चात्त्य मैफलीच्या टेपवर वाद्यं वाजायच्या आधी हॉलची शांतता मिळते. आपल्या बैठकीच्या टेपवर काय मिळतं? टेप चालू होते तीच तंबोऱ्याने आणि संपते तीही तंबोऱ्याने. म्हणजे ज्याने घाईत 'शांत' तुकडा निवडला त्याने तंबोराच गोंगाट म्हणून दाखवला. आणि तंबोरा असतोही अखंड, एकसारखा, न थांबणारा. सॉफ्टवेअरच्या लेखी गोंगाटाची व्याख्या हीच आहे.

अंतराताई, तुमच्या टेपवर नेमकं हेच झालंय. गवई थांबले की सॉफ्टवेअरला वाटतं आता फक्त गोंगाट उरला, झाडून टाका. त्यांचा आवाज आला की दार उघडतं आणि तंबोरा आत येतो.

तंबोरी

आमच्या घरी चार पिढ्या तंबोरे करतात, मिरजेतच. बिटरेटदादांनी सांगितलेलं वाचून पहिल्यांदा कळलं की मला या स्वच्छ सीड्या का ऐकवत नाहीत.

मी जवारी, म्हणजे तारेची झणझण, काढायला बसतो तेव्हा घोडीवर तारेखाली दोरा सरकवतो. केसाच्या रुंदीएवढा मागेपुढे. एका जागी तार मुकी असते, तिथून जरासा हलवला की उघडते आणि तिच्यातून एकामागून एक सूर सुटायला लागतात. खर्जाची (सगळ्यात खालच्या षड्जाची) तार नीट लागली असेल तर त्यातून गंधार ऐकू येतो. कुठल्याही तारेवर गंधार लावलेला नसतो. स्वयंभू गंधार म्हणतात त्याला. गिऱ्हाईक गवई असेल तर डोळे मिटून त्याचीच वाट बघत बसतो. तो आला की म्हणतो, "बस, इथंच राहू दे."

आता तो गंधार म्हणजे किती आवाज? तारेच्या मानाने नखभर. सफाईत पहिला तोच जातो. तंबोरा ऐकू येतो म्हणून लोक समाधान मानतात, पण जे येतं ते नुसती टण् टण्. जवारी बंद केलेला तंबोरा. गवयाने ज्याच्या आधाराने आपला गंधार लावला तो आधार काढून घेतला, आणि मग आपण म्हणतो की गाणं जरा कोरडं वाटतंय.

भोपळा पंढरपूरकडून येतो, तो पारखून घेण्यापासून जवारीपर्यंत आमचे महिने जातात, ते या नखभर आवाजासाठी.

खर्ज

तंबोरीदादा, हा प्रतिसाद मी माझ्या गुरुजींना वाचून दाखवला. ते म्हणाले, त्यांना सांग मी पुढच्या महिन्यात मिरजेला येतोय, माझी तंबोऱ्यांची जोड आणतो.

डॅन्यूबकाठी

मी व्हिएन्नात राहतो. इथेही हाच वाद वर्षानुवर्षं चालू आहे, म्हणून लिहितो.

जर्मन संगीतकार वॅग्नरच्या 'रिंग' या चार संगीतिकांचं डेक्का या कंपनीने सोल्टी या संचालकाच्या हाताखाली केलेलं ध्वनिमुद्रण प्रसिद्ध आहे, १९५८ ते १९६५ मधलं. ते इथल्या सोफिएनझाल या हॉलमध्ये झालं. १९९७च्या सीडी आवृत्तीत टेपची सळसळ सॉफ्टवेअरने काढली. ज्यांच्याकडे जुन्या एलपी (प्लास्टिकच्या लांब चालणाऱ्या तबकड्या) होत्या ते म्हणाले, व्हायोलिनवरची चकाकी गेली. २०१२ मध्ये परत आवृत्ती निघाली, ती १९९७च्याच डिजिटल प्रतीवरून, कारण मूळ टेपा आता चांगल्या राहिल्या नाहीत असं सांगण्यात आलं. आणि मग २०२२ मध्ये मूळ टेपांवरूनच नव्याने काम झालं आणि पंचवीस वर्षं ऐकू न आलेलं बरंच काही ऐकू आलं. मधल्या काळात ज्यांनी पहिल्यांदा 'रिंग' ऐकलं त्यांच्या कानात ती सफाईच मूळ म्हणून बसली होती.

तंबोरीदादांच्या भोपळ्यावरून आठवलं. सोफिएनझाल ही मुळात १९व्या शतकातली न्हाणी. नंतर तिथे पोहण्याचा तलाव झाला, आणि त्यावर लाकडी फळ्या टाकून नाचगाण्याचा हॉल. खालची ती पोकळी तशीच राहिली आणि तिच्यामुळे खालचे सूर भरून यायचे. म्हणजे अख्खा वाद्यवृंद एका भोपळ्यावर बसून वाजवत होता! २००१ मध्ये तो हॉल जळाला. आता जी पुन्हा उभारलेली वास्तू आहे तिच्यात तो नाद नाही, तो फक्त त्या टेपांवर आहे. सळसळ काढताना हॉलचा नादही खरवडला जातो, कारण तोही तसाच मंद आणि पसरट असतो.

एक_श्रोता

न्हाणीतलं गाणं सगळ्यांनाच चांगलं लागतं ते उगाच नाही :)

सुई_आणि_खाचा

आता माझं जरा लांबलचक ऐका. सॉफ्टवेअरवर सगळे तुटून पडलेत, पण तबकड्यांचं निम्मं वाटोळं त्याच्या आधीच झालेलं असतं, सुई टेकताना.

लाखेच्या ७८च्या (मिनिटाला ७८ फेऱ्यांच्या) तबकडीची खाच रुंद. तिला साधारण ६५ ते ७५ मायक्रॉनच्या टोकाची सुई लागते. एलपीची सुई २५ मायक्रॉनची. पुष्कळ जण घरातल्या एलपीच्या सुईनेच ७८ लावतात. ती बारीक सुई खाचेच्या भिंतींना टेकतच नाही, तळाशी साचलेल्या कचऱ्यातून घसरत जाते. मग खरखर दुप्पट आणि गाणं निम्मं. त्यावर सफाई मारायची आणि म्हणायचं, जुनं रेकॉर्डिंग आहे, एवढंच मिळणार.

माझ्याकडे पाच जाडीच्या सुया आहेत. प्रत्येक तबकडी पाचही सुयांनी लावून बघतो. पूर्वी लोखंडी सुईने खाचेचा एक पट्टा झिजवलेला असतो, त्याच्या जरा वर किंवा जरा खाली भिंत कोरी असते. एकदा हिराबाई बडोदेकरांची एक तबकडी एका मित्राने 'गेलेली' म्हणून मला देऊन टाकली. चौथ्या सुईला त्यातून असा निर्मळ षड्ज आला की मी उठून खोलीचं दार लावून घेतलं. एकही बटण दाबलं नव्हतं. ही सगळ्यात चांगली सफाई.

दुसरं. आताच्या अँप्लिफायरमध्ये तबकडीयंत्र जोडायचा जो फोनो इनपुट असतो तो १९५०च्या दशकात ठरलेल्या एलपीच्या प्रमाणाने वरचे सूर दाबतो. ७८ तशी कापलेलीच नाही. त्यातून लावली की आवाज गोधडीत गुंडाळल्यासारखा येतो. मग लोक वरचे सूर वाढवतात, त्याबरोबर खरखर वाढते, मग खरखर काढतात. एका चुकीवर तीन इलाज.

आणि अंतराताई, हात जोडून सांगतो, तबकडी स्पिरिटने पुसू नका. एलपीला चालतं, पण लाख स्पिरिटमध्ये विरघळते, सुताराला विचारा. डिस्टिल्ड वॉटर, त्यात सौम्य साबणाचा एखादा थेंब, मऊ ब्रश, कागदी लेबल कोरडं ठेवून. लगेच टिपायचं.

पेटीवाला

सुईवाले काका, वेगाचं राहिलं की!

७८ हा आकडा नावाचाच. सुरुवातीच्या काळात तबकड्या ७०पासून ८०च्या वरपर्यंत कुठल्याही वेगाने कापलेल्या असायच्या. वेग सहा टक्क्यांनी वाढला की अख्खी पट्टी अर्ध्या स्वराने वर जाते, काळी एकचा गवई पांढरी दोनमध्ये गायला लागतो. राग बदलत नाही म्हणून कुणाच्या लक्षात येत नाही. पण आवाजाचा पोत बदलतो, ताना धावायला लागतात, पुरुषाचा आवाज पातळ होतो. 'जुने गवई असे चिरक्या आवाजात का गायचे?' हा प्रश्न मला दर गणपतीत कुणीतरी विचारतंच. त्यातले निम्मे तरी तसे गात नव्हते, आपण त्यांना पळवतोय.

खर्ज

माझ्यावरच बेतलेली गोष्ट. दीनानाथांच्या एका पदाच्या ताना मी इंटरनेटवरच्या प्रतीवरून बसवत होते. तीन महिने. हनुवटी दुखायची, पण वेग येईना. शेवटी रडकुंडीला येऊन गुरुजींना सांगितलं. त्यांनी ऐकलं, पेटी ओढली, दोन पट्ट्या दाबून बघितल्या आणि म्हणाले, "अगं, ही चढवलेली आहे. दीनानाथ चपळ होतेच, पण त्यांना एवढं कशाला पळवायचं?" उतरवलेल्या प्रतीवर तानेतले दाणे सुटे ऐकू आले. कठीण अजूनही आहेतच, पण माणसाने गायलेल्या वाटतात. सफाई एकवेळ परवडली, वेगाची चूक विद्यार्थ्याच्या गळ्यालाच धरते.

बिटरेट

टेपांसाठी वेग तपासायची एक युक्ती. बैठकीच्या टेपेवर घरच्या विजेची बारीक भुणभुण बहुतेक वेळा असतेच. आपल्याकडे वीज ५० हर्ट्झची. टेपवरची भुणभुण ५२ हर्ट्झला दिसली तर टेप चार टक्के वेगाने पळतेय. म्हणून भुणभुण काढायच्या आधी मोजून घ्यावी.

जुना_रेडिओ

बिटरेट, युक्ती चांगली आहे, पण म्हाताऱ्याचं ऐक. मी नभोवाणीत ३० वर्षं टेपा लावल्या. त्या काळात आपल्याकडची वीज नेहमी ५०वर कुठे असायची? संध्याकाळी भार वाढला की खाली यायची. आता गंमत बघ. विजेच्या आवर्तनांवर चालणारी मोटर असेल तर वीज तीन टक्के उतरली की मुद्रण करताना टेपही तीन टक्के हळू फिरायची. ती आज तू नेमक्या वेगाने लावलीस की भुणभुण बरोबर ५०ला दिसणार आणि गवई मात्र तीन टक्के चढलेला असणार. मोजमाप म्हणेल सगळं ठीक आहे. तेव्हा भुणभुण मोज, पण त्यावर शेवटचा शब्द सोपवू नकोस. गवई कोणत्या पट्टीत गायचे हे माहीत असलेला माणूस शेजारी बसव.

अंतराताई, टेपांबद्दल. आधी प्रत्येक स्पूल उजेडासमोर धरा. गुंडाळीतून उजेड आरपार दिसला तर ती जुन्या प्रकारच्या प्लास्टिकची, म्हणजे अ‍ॅसिटेटची असण्याची शक्यता जास्त. तिला आंबूस, व्हिनेगरसारखा वास येत असेल तर ती मरायला लागली आहे, सगळ्यात आधी तिचं काम करा. अशी टेप ठिसूळ असते, भरभर गुंडाळू नका, तुटेल. तुटली तरी घाबरू नका, काप स्वच्छ असतो, जोडता येते. उजेड येत नसेल तर बहुधा पॉलिएस्टर. ती तुटण्याऐवजी ताणली जाते आणि ताणलेली टेप परत येत नाही. चिकट झालेल्या टेपा मंद उष्णतेवर शेकवतात असं कुणी सांगेल. ते काही ठरावीक टेपांपुरतं आणि जाणत्या माणसाचं काम. अ‍ॅसिटेटला तर मुळीच करायचं नाही.

आणि लावायच्या आधी हेडचा (यंत्रातला टेप वाचणारा भाग) कोन जुळवून घ्या. प्रत्येक यंत्राचा कोन केसभर वेगळा. तो चुकला की वरचे सूर जातात. स्क्रू फिरवत फिरवत ऐकायचं, तंबोऱ्याची झणझण एकदम उघडते, तिथे थांबायचं. तंबोरी जवारीबद्दल जे म्हणतात तेच.

तंबोरी

काका, मग तुमचं आमचं काम एकच.

गोंयकार

इतकी चर्चा झाली आणि गायिका केसरबाई केरकरांचं नाव नाही! मी गोव्यातल्या केरीजवळचाच. १९७७ मध्ये व्हॉयेजर अंतराळयानांबरोबर जी सोन्याचा मुलामा दिलेली तबकडी गेली तिच्यात आमच्या केसरबाईंची भैरवी आहे, 'जात कहाँ हो', साडेतीन मिनिटांची. आमच्याकडे शाळेत जाणाऱ्या पोरालासुद्धा हे ठाऊक असतं. बाई ध्वनिमुद्रणाला सहजी तयार नसत, त्यामुळे जे आहे ते मोजकंच. म्हणून मी सफाईच्या बाबतीत भित्रा आहे. ज्याची हजार ध्वनिमुद्रणं आहेत त्याच्यावर प्रयोग करा. जिच्या मोजक्या तबकड्या, तिच्यातल्या एका मिंडेलाही (एका स्वरावरून दुसऱ्यावर घसरत जाण्यालाही) हात लावताना विचार करा.

आणि त्यांचे गुरू अल्लादिया खाँसाहेब? त्यांचं एकही ध्वनिमुद्रण नाही. भास्करबुवा बखल्यांचंही नाही. मी कधी कधी विचार करतो, खाँसाहेबांची एक तबकडी मिळाली, अगदी तडा गेलेली, नव्वद टक्के खरखर असलेली, तर आपण सगळे तिच्याभोवती कसे बसू! तेव्हा कुणी म्हणेल का, खरखर फार आहे?

एक_श्रोता

@गोंयकार, पटलं. पण ती नव्वद टक्के खरखर काढून आत काय आहे ते ऐकायची इच्छा तुम्हालाही होईलच. मला तर होईल. रात्रभर झोप लागणार नाही.

गोंयकार

व्हय, होईल. आधी तशीच ऐकेन, मग काढून ऐकेन, आणि मग परत तशीच.

डॅन्यूबकाठी

माझा अनुभव असा की थोडी सळसळ असलेली प्रत जास्त 'उघडी' वाटते. कान पाच मिनिटांत सळसळ बाजूला ठेवतो, खिडकीबाहेरच्या पावसासारखी, आणि तिच्या पलीकडे स्वर दूरवर जातोय असं वाटतं. सळसळ पूर्ण काढली की स्वर भिंतीवर आपटतो.

सुई_आणि_खाचा

+१. आणि १९२५च्या सुमारास मायक्रोफोनने ध्वनिमुद्रण सुरू झालं, त्याच्या आधीच्या तबकड्यांची गोष्ट वेगळी धरा. गवई कर्ण्यात तोंड घालून गायचा, साधारण २५०० हर्ट्झच्या वर फारसं काही उमटायचंच नाही, आणि तंबोरा तर बिचारा कर्ण्यापर्यंत पोचायचाच नाही. तिथे वरची खरखर कापली तर गाण्याचं फार जात नाही, हे मीही कबूल करतो. गौहरजानच्या १९०२च्या तबकड्यांना आणि अंतराताईंच्या १९७०च्या टेपेला एकच औषध देणं, हीच खरी चूक.

बिटरेट

चला, सुईकाकांनी अर्धं पाऊल टाकलं, मग मीही टाकतो. गेल्या वर्षी एआयचा प्रयोग करून बघितला होता. बीटल्सच्या जुन्या कॅसेटवरून लेननचा आवाज वेगळा काढून २०२३ मध्ये गाणं प्रसिद्ध केलं, ते ऐकून मोह झाला. एका खासगी बैठकीच्या टेपेत तबला फार पुढे आणि गायिका मागे होती. सॉफ्टवेअरने तबला बऱ्यापैकी वेगळा काढला. आनंदलो. मग सारंगी ऐकली. ती दोन तुकड्यांत वाटली गेली होती, जिथे ती गळ्याच्या अगदी जवळून जाते तिथे सॉफ्टवेअरने तिला गायिकाच समजून आवाजात घातलं आणि बाकीची तबल्याबरोबर टाकली. एका मिंडेची सुरुवात इकडे, शेवट तिकडे. सारंगियाची यापेक्षा मोठी तारीफ असू शकत नाही, पण टेप मात्र वापरण्यासारखी राहिली नाही. ही साधनं ड्रम, बास आणि गिटारच्या गाण्यांवर शिकलेली आहेत. बैठक म्हणजे काय हे त्यांनी कधी ऐकलेलंच नाही.

प्रामाणिकपणे सांगतो, पाच वर्षांपूर्वी मीसुद्धा अंतराताईंच्या स्टुडिओसारखंच काम करायचो. गिऱ्हाईक पहिली दहा सेकंद ऐकतं, खरखर गेली की खूश होतं, पैसे देतं. तंबोरा थांबतो हे मला कुणी कधी सांगितलंच नाही. आज तंबोरीदादांचं वाचल्यावर जुनी तीन-चार कामं उघडून ऐकली. त्यातली दोन परत करून देणार आहे, कच्च्या प्रती सुदैवाने ठेवल्या होत्या.

सुई_आणि_खाचा

बिटरेट, भेटायला ये. सुया दाखवतो. चहा माझ्याकडे.

जुना_रेडिओ

कच्ची प्रत. या शब्दावर सगळ्यांनी थांबा. जगभरच्या ध्वनिसंग्रहालयांची जी संघटना आहे, आयएएसए, तिच्या मार्गदर्शिकेत स्पष्ट म्हटलंय की जतनाची प्रत कमीत कमी ४८ किलोहर्ट्झ, २४ बिटची हवी आणि तिच्यावर कसलीही सफाई नको. ऐकण्याची प्रत तिच्यावरून नंतर कितीही वेळा करा. ९६ किलोहर्ट्झला केली तर उत्तमच. कच्ची प्रत हातात असली की एक_श्रोता यांच्या आईसाठी वेगळी, खर्जसाठी वेगळी आणि २०५० मध्ये जे काही शोध लागतील त्यांच्यासाठी वेगळी करता येते. अंतराताई, स्टुडिओकडे कच्ची प्रत आहे का ते आधी विचारा. आजच.

अंतरा_मिरज

सगळ्यांना उत्तर द्यायला उशीर झाला, क्षमस्व. पण रिकाम्या हाताने आले नाही.

रेडिओकाकांचं वाचल्या वाचल्या स्टुडिओत गेले. टेपची कच्ची प्रत त्यांनी ठेवलीच नव्हती, थेट सफाई केलेली ठेवली होती. मूळ टेप सुदैवाने शाबूत. उजेडासमोर धरली, आरपार दिसत नाही, वासही नाही. तिथून ती आणली आणि एका ओळखीच्या गृहस्थांकडे घेऊन गेले, त्यांच्याकडे चालू स्पूल यंत्र आहे. त्यांनी आधी तासभर नुसतं हेड साफ केलं. मग स्क्रू फिरवत बसले. तंबोरा एकदम उघडला तेव्हा आम्ही दोघांनी एकाच वेळी एकमेकांकडे बघितलं. ९६ किलोहर्ट्झ, २४ बिट, बाकी काही नाही.

सळसळ आहे, भुणभुण आहे, मध्येच बाहेरून टांगा जातो. आणि हे ऐका. स्टुडिओच्या प्रतीत यमनचा ख्याल संपून लगेच द्रुत सुरू होतो. कच्च्या प्रतीत मध्ये दोन मिनिटं दहा सेकंद आहेत जी त्यांनी 'रिकामी' म्हणून कापली होती! बुवा थांबतात, म्हणतात, "जोड उतरली." (जोड म्हणजे तंबोऱ्याच्या मधल्या दोन तारा.) मग करकर असा आवाज येतो, दोनदा. तार खालून वर सरकत येते, जरा पुढे जाते, परत मागे, आणि बसते. बसल्यावर कुणीच काही बोलत नाही, पंधरा-वीस सेकंद नुसता तंबोरा. मग आजोबांचा आवाज, हळू, "हां." त्यानंतर द्रुत.

तबकडीचंही सुईकाकांच्या सल्ल्याने परत करणार आहे. टेपा पुढच्या रविवारपासून एकेक. आईंसाठी बालगंधर्वांची एक तबकडी माझ्याकडे आहे, @एक_श्रोता, बिटरेट तयार असतील तर त्यांच्याकडून तिची नीट प्रत करून पाठवते.

बिटरेट

तयार आहे. टिकटिक हाताने काढेन, बाकीचं आईंना विचारून.

एक_श्रोता

तिला आत्ताच सांगितलं. कुठलं पद आहे ते विचारतेय.

पेटीवाला

अंतराताई, बुवा कोणत्या पट्टीत गायचे ते घरच्यांना विचारलंत का? ती दोन मिनिटं मला पाठवा, जुळवून सांगतो.

तंबोरी

ताई, ती करकर म्हणजे खुंटीचा आवाज. खुंटीला खडू लावला नसेल तर ती अशी आवाज करत फिरते आणि सरकतेही, म्हणून जोड उतरली. १९७०च्या आसपासचा मिरजेतला तंबोरा असेल तर आमच्या आजोबांच्या हातचा असण्याची शक्यता आहे. तुमच्या घरात अजून आहे का तो?

अंतरा_मिरज

आहे. माळ्यावर, गवसणीत. तारा गेल्यात, भोपळा शाबूत आहे. रविवारी घेऊन येऊ का?

तंबोरी

या. सकाळी या, उजेड असतो. दोरा काढून ठेवतो.